रोप नव्हे, निरोप

रत्नागिरीतल्या आमच्या मोहल्ल्याच्या जमातीची एक छोटी वैद्यकीय मदत समिती आहे. जकात, सदका आणि आखातात नोकरीला असलेल्या मुलांनी पाठवलेली रक्कम यातून जो निधी जमतो, त्यातून गरजू घरांना इलाजासाठी मदत दिली जाते. कोणाला डायलिसिससाठी, कोणाला ऑपरेशनसाठी, कोणाला मुंबईत पेशंटसोबत राहण्याच्या खर्चासाठी. मी हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई, म्हणून अर्जासोबतचे डॉक्टरी कागद वाचण्याचं काम माझ्याकडे आलं. मी डॉक्टर नाही. पण न समजलेलं डॉक्टरांना विचारायचं आणि समजलेलं घरच्यांना सोप्या भाषेत सांगायचं, एवढं मला जमतं.

गेल्या वर्षी रमजानच्या आधी पंधरा दिवसांत तीन अर्ज आले आणि तिन्हींवर एकच शब्द होता: स्टेमसेल.

पहिला अर्ज माझ्या चुलत भावाचा. वय ३८, मिरकरवाडा बंदरात ट्रॉलरवर काम. उजव्या पायाचा अंगठा काळा पडत चाललेला. रात्रभर वेदनेने झोप नाही. पाय खाटेवरून खाली लोंबता ठेवला तरच जरा बरं वाटायचं. दुसरा अर्ज आमच्या शेजारच्या खालांचा. दोन्ही गुडघे दुखरे, नमाज खुर्चीवर. तिसरा एका सहा वर्षांच्या मुलाचा. मुलाला ऑटिझम आहे. वडील दोह्याला, घरी आई आणि दादी. तिन्ही घरांना वेगवेगळ्या शहरांतल्या खासगी क्लिनिकांनी लाखाच्या वरचे आकडे सांगितले होते. भावाच्या घरात तर कलमांची बाग गहाण ठेवायची बोलणी सुरू झाली होती.

एक आजार रक्तवाहिन्यांचा, दुसरा सांध्याचा, तिसरा मेंदूच्या वाढीशी निगडित. आणि इलाज मात्र तिघांना एकच? मला पहिली शंका इथेच आली. भावाच्या अर्जावर मी मत देणार नाही, फक्त माहिती आणीन, असं समितीला सांगितलं आणि कामाला लागले. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे, कारण असे अर्ज फक्त आमच्याच जमातीकडे येत असतील असं मला वाटत नाही.

रोपाची कल्पना

मी तिन्ही घरांत एकच प्रश्न विचारला: या पेशी शरीरात जाऊन काय करतील असं तुम्हाला सांगितलंय? खाला म्हणाल्या, "गुडघ्यात नवी गादी उगवणार, बेटा. कलम लावल्यासारखं." भाऊ म्हणाला, "आपा, नव्या नसा तयार होणार." मुलाची दादी म्हणाली की मेंदूत जिथे कमी आहे तिथे नव्या पेशी रुजणार. म्हणजे पेशी हे एक रोप. ते लावायचं, ते वाढणार आणि गेलेल्या भागाची जागा घेणार. आंब्याच्या मुलखात ही कल्पना चटकन पटते.

ही कल्पना अगदीच हवेतली नाही. १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीतला मऊ गर. या इलाजात दात्याच्या मज्जेतल्या, रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी रुग्णाच्या हाडात खरोखर रुजतात आणि पुढे वर्षानुवर्षं रक्त बनवत राहतात. रक्ताच्या कर्करोगात आणि थॅलेसेमियासारख्या आजारात हा इलाज आज मान्य आहे, रोजचा आहे. ते खरं रोप.

पण त्याच मज्जेत दुसऱ्याही काही पेशी असतात आणि आज बाजारात गुडघ्यापासून मेंदूपर्यंत सगळ्यासाठी जे सांगितलं जातं ते बहुतेक वेळा त्यांच्या नावावर. १९६० आणि ७० च्या दशकांत मॉस्कोमध्ये अलेक्झांडर फ्रीडेनस्टाइन या शास्त्रज्ञाने त्या वेगळ्या ओळखल्या. मज्जा भांड्यात ठेवली की रक्ताच्या पेशी द्रवात तरंगत राहतात, पण काही थोड्या पेशी तळाला चिकटून बसतात, आपल्याकडे खडकाला कालवं चिकटतात तशा. वरचं धुऊन टाकलं की या उरतात आणि वाढू लागतात. मज्जेत त्यांचं प्रमाण फार कमी, दहा हजार ते लाख पेशींमागे एखादी. पण भांड्यात त्या वाढवता येतात आणि योग्य खुराक दिला तर त्यांच्यापासून हाड, कूर्चा आणि चरबीच्या पेशी तयार होतात.

१९९१ मध्ये अमेरिकेतले आर्नोल्ड कॅपलान यांनी त्यांना 'मेसेन्कायमल स्टेम सेल' हे नाव दिलं. भांड्यात कूर्चा होते, तर गुडघ्यातही होईल. भांड्यात हाड होतं, तर माणसातही होईल, अशी आशा जगभर पसरली. रोपाची कल्पना तिथून आली.

पुढे शास्त्रज्ञांनी स्वतःच हे नाव मागे घ्यायला सुरुवात केली. या विषयातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००५ मध्ये सुचवलं की यातली प्रत्येक पेशी मूळ पेशी असल्याचं सिद्ध झालेलं नाही, म्हणून 'स्टेम' ऐवजी 'स्ट्रोमल' म्हणावं. स्ट्रोमा म्हणजे अवयवातला आधाराचा भाग, ज्याच्यावर मुख्य काम करणाऱ्या पेशी टेकून राहतात. आणि २०१७ मध्ये खुद्द कॅपलान यांनी लेख लिहून म्हटलं की नाव बदलायची वेळ आली आहे. या पेशी नवा अवयव होत नाहीत, त्या औषधासारखे संदेश सोडतात. ज्याने नाव दिलं त्यानेच ते बदला म्हणावं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

निरोप कसा पोहोचतो

असं काय दिसलं की मत बदललं? प्राण्यांवरच्या प्रयोगांत खूण केलेल्या पेशी शिरेतून दिल्या, तेव्हा त्यातल्या बहुतेक आधी फुप्फुसाच्या बारीक जाळ्यात अडकल्या आणि काही दिवसांत नाहीशा झाल्या. इच्छित जागी पोहोचून रुजणाऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. तरीही दूरच्या अवयवात कधी कधी फायदा दिसत होता. पेशी उरली नाही आणि काम मात्र झालं, याचा अर्थ तिने जाण्यापूर्वी कोणाला तरी काहीतरी सांगितलं.

हे सांगणं रसायनांच्या भाषेत चालतं. आजूबाजूला दाह असेल, म्हणजे शरीराच्या संरक्षक पेशी खवळलेल्या असतील, तर या पेशी ते ओळखतात आणि शांत करणारी द्रव्यं सोडतात. लढाऊ पेशींना वाढायला जो अन्नघटक लागतो तो मोडून टाकणारं एक विकर त्या बनवतात, त्यामुळे हल्ला मंदावतो. जिथे रक्त कमी पोहोचतं तिथे त्या असे घटक सोडतात की शेजारच्या धडधाकट बारीक वाहिन्यांना फुटवे येऊ लागतात. शिवाय त्या अतिसूक्ष्म पुड्या बाहेर टाकतात. त्यात संदेश बांधलेले असतात आणि शेजारच्या पेशी त्या गिळतात.

याहून नवलाची गोष्ट २०१७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी दाखवली. ज्या रुग्णांच्या शरीराने या पाहुण्या पेशी मारून टाकल्या, त्यांनाच गुण आला. ज्यांनी मारल्या नाहीत त्यांना आला नाही. मेलेल्या पेशी शरीराच्या भक्षक पेशी खातात आणि त्या खाण्यानेच भक्षक पेशींचा स्वभाव पालटतो. भांडणाऱ्या पेशी मिटवणाऱ्या होतात. म्हणजे पेशीचं मरणंही कामाचा भाग आहे.

मराठीत निरोप म्हणजे सांगावा, आणि निरोप म्हणजे रजा घेणंही. या पेशी दोन्ही करतात. सांगावा पोहोचवतात आणि जातात. पुढचं काम शरीर स्वतः करतं.

म्हणूनच दुसऱ्या माणसाच्या पेशीही चालतात. रक्तगट किंवा किडनीसारखी जुळणी लागत नाही, कारण शरीर ज्या खुणांवरून परका ओळखतं त्या या पेशींवर कमी असतात आणि त्यांना फार काळ राहायचंही नसतं.

एवढं समजलं की इलाजाच्या मर्यादाही आपोआप समजतात. निरोप ऐकायला कोणी तरी जिवंत असावं लागतं. मेलेल्या मांसाला, पूर्ण घासून गेलेल्या गादीला निरोप देऊन उपयोग नाही. निरोपाचा परिणाम कायमचा असेलच असं नाही. आणि निरोप त्या आजाराला लागू पडणारा हवा. दाह शांत कर, रक्तवाहिन्या वाढव, हे सांगणारा दूत प्रत्येक दुखण्याचं उत्तर होऊ शकत नाही.

जिथे पुरावा आहे

या पेशींचा सगळ्यात स्पष्ट उपयोग अशा आजारात दिसला जिथे दुसऱ्याची मज्जा घेतल्यावर त्या नव्या पेशीच रुग्णाच्या आतड्यावर, यकृतावर, कातडीवर हल्ला करतात. २००४ मध्ये स्टॉकहोमच्या डॉ. कॅटरिना ले ब्लांक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. त्याचं शरीर असंच पोखरलं जात होतं, कोणतंच औषध लागू पडत नव्हतं. त्याच्या आईच्या मज्जेतून या पेशी काढून, वाढवून त्याला दिल्या. आईची जुळणी अर्धीच होती, तरी मूल सावरलं.

पण एका मुलाच्या बरं होण्याने औषध ठरत नाही. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या, काही फसल्याही. वीस वर्षं गेली. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या प्रकारच्या पेशींच्या पहिल्या औषधाला मान्यता दिली, तीही फक्त मुलांसाठी, फक्त याच आजारात, आणि स्टेरॉइडने गुण आला नाही तरच. ५४ मुलांच्या चाचणीत २८ दिवसांत सुमारे ७० टक्के मुलांना फायदा दिसला होता. एका आजारात एवढं सिद्ध करायला वीस वर्षं लागली, हे लक्षात ठेवलं की 'शंभर आजारांवर एकच इंजेक्शन' या जाहिरातीकडे बघण्याची नजर बदलते.

भावाचा पाय

आता आमच्याकडचं. मुंबईत रक्तवाहिन्यांच्या सर्जननी भावाच्या पायाची तपासणी केली आणि आजाराचं नाव सांगितलं: बर्जर. १९०८ मध्ये न्यूयॉर्कच्या लिओ बर्जर यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. हातापायांच्या मधल्या आणि बारीक रक्तवाहिन्यांना दाह होतो, आत गुठळ्या होतात, वाट बंद होते. मधुमेह नाही, कोलेस्टेरॉल नाही, वयही तरुण. तरी बोटं काळी पडतात. आणि याचं कारण जवळजवळ प्रत्येक रुग्णात एकच असतं: तंबाखू. भाऊ पंधराव्या वर्षापासून बिडी ओढत होता.

सर्जन म्हणाले, "बिडी पूर्ण बंद झाली तर पाय वाचण्याची आशा आहे. दिवसाला एक ओढलीस तरी आजार चालू राहील. पुडी नाही, मिशेरी नाही, काही नाही." भावाने मला बाहेर आल्यावर विचारलं, "आपा, बिडी सोडून गेलेला अंगठा परत येतो का?" मी म्हटलं, "अंगठा येत नाही रे. पण पाय राहतो."

ज्या क्लिनिकने त्याच्या पोटाची चरबी काढून त्यातल्या पेशी पायात टोचायचं ठरवलं होतं, त्यांच्या चार पानी कागदात बिडी हा शब्द कुठेच नव्हता. ते मला सगळ्यात जास्त खटकलं. आत आग लावणारा रोज बसलेला असताना दूत पाठवून काय होणार?

आणि इथेच मला एक अनपेक्षित गोष्ट कळली. या आजारासाठी आपल्या देशात या पेशींचं मान्यताप्राप्त औषध आहे. बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स या कंपनीने अनेक निरोगी दात्यांची मज्जा घेऊन, पेशी वाढवून, एकत्र करून ते तयार केलं. बर्जरच्या ९० रुग्णांवर चाचणी झाली. वजनाच्या दर किलोमागे वीस लाख पेशी पोटरीच्या स्नायूत आणि जखमेभोवती टोचल्या, त्या गटात नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत बसल्या जागीचं दुखणं जास्त कमी झालं आणि जखमा जास्त चांगल्या भरल्या. २०१६ मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी त्याला मर्यादित मान्यता दिली आणि २०२० मध्ये पायाचा रक्तपुरवठा धोक्यात आलेल्या रुग्णांसाठी ती वाढवली.

पेशी टोचतात तिथे त्या नवी नस होत नाहीत. बंद पडलेल्या वाटेच्या आजूबाजूच्या बारीक वाहिन्यांना त्या फुटवे फोडायला सांगतात. हमरस्ता बंद आहे तो बंदच राहतो, पाखाड्या वाढतात. म्हणून पायात जिवंत मांस उरलेलं असतानाच त्यांचा उपयोग.

भावाचा काळा अंगठा काढावा लागला. बायपास शक्य नव्हता, कारण खालच्या वाहिन्याच बंद होत्या. सर्जननी हे मान्यताप्राप्त औषध वापरायचं ठरवलं, आधी सगळं समजावून सह्या घेतल्या आणि हेही सांगितलं की गुण येईलच असं नाही. पेशी द्रव नायट्रोजनच्या गारव्यात गोठवून येतात. द्रव नायट्रोजन म्हणजे शून्याखाली १९६ अंश. भाऊ ते ऐकून हसला. बर्फात मासळी ठेवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. वितळवल्यावर त्या वेळेत टोचाव्या लागतात, नाहीतर मरतात. हे सगळं सांभाळणं मोठ्या रुग्णालयाचं काम आहे, एका खोलीच्या क्लिनिकचं नव्हे.

आज आठ महिने झाले. भाऊ रात्री झोपतो. जखम भरली आहे. तो ट्रॉलरवर जात नाही, पण बंदरात लिलावाच्या हिशोबाचं काम करतो. बिडी बंद आहे, आणि ती बंद ठेवणं त्याला पायाच्या दुखण्याहून अवघड गेलं. पाय कशाने वाचला? बिडी सोडल्याने, औषधांनी की पेशींनी? सर्जननी सरळ सांगितलं, एका माणसात हे वेगळं काढता येत नाही. म्हणून तर ९० माणसांची चाचणी लागते. मला हे उत्तर आवडलं. जो डॉक्टर यशाचं सगळं श्रेय स्वतःच्या इंजेक्शनला देत नाही, त्याच्यावर विश्वास ठेवावा.

खालांचे गुडघे आणि त्या मुलाचा अर्ज

गुडघ्याची गोष्ट मधली आहे. त्याच बंगळुरूच्या कंपनीच्या पेशींना २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठीही भारतात मान्यता मिळाली. १४६ रुग्णांवर चाचणी झाली होती. पण ती मधल्या पायरीच्या झिजेसाठी, जिथे गादी पातळ झाली आहे पण शिल्लक आहे. वर्षभरात दुखणं कमी झालं आणि झीज थांबल्यासारखी दिसली. नवी गादी उगवली नाही. दुसरीकडे २०२३ मध्ये अमेरिकेत ४७५ रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिथे तीन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी दिल्या आणि तुलनेला साधं स्टेरॉइडचं इंजेक्शन. वर्षाअखेर पेशींचा कोणताही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. दोन्ही गोष्टी मी खालांसमोर ठेवल्या.

खालांच्या एक्स-रेमध्ये हाडाला हाड लागलं होतं. आमच्या हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की इथे निरोप ऐकायला कोणी उरलेलं नाही. त्यांना सांधा बदलण्याचा सल्ला मिळाला आणि समितीने त्या ऑपरेशनला मदत केली. त्या अजून खुर्चीवर नमाज पढतात, पण मशिदीच्या कोपऱ्यापर्यंत काठीविना चालतात. "कलम नाही तर नाही, लोखंड तरी बसलं," म्हणतात.

मुलाचा अर्ज सगळ्यात कठीण होता, कारण त्या घरात पैशापेक्षा आशा जास्त पणाला लागलेली होती. आईने विचारलं, "टीचर, करून बघायला काय हरकत आहे?" मला तिला सांगावं लागलं की ऑटिझम ही मेंदूच्या वाढीची वेगळी धाटणी आहे, तिथे मेलेली जागा नाही की जिथे काही रुजावं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नैतिकता मंडळानेही ऑटिझमसाठी स्टेमसेल उपचाराची शिफारस करता येत नाही असं म्हटलं आहे. हरकत काय, याचं उत्तरही होतं. भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढणं आणि मणक्यात सुई घालणं हे लहान मुलासाठी लहान काम नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका क्लिनिकमध्ये तीन वृद्ध बायकांच्या डोळ्यांत चरबीतल्या पेशी टोचल्या, तिघींची नजर गेली. २०१७ मध्ये डॉक्टरांनी ते प्रसिद्ध केलं. आणि तिसरी हरकत अशी की जे पैसे त्या सुईत जातील ते बोलण्याच्या आणि वागणुकीच्या थेरपीतून जातील. त्या थेरपीचा फायदा होतो, पण ती वर्षानुवर्षं चालवावी लागते.

समितीने अर्ज फेटाळला नाही, बदलून घेतला. एकरकमी लाखाऐवजी दरमहा थेरपीचा खर्च. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रांची तरतूद आहे, तिथे तपासणी मोफत होते, हेही आम्ही घरच्यांना सांगितलं. मुलाचे वडील फोनवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "महिन्याचं मी पण थोडं घालीन."

हलाल-हरामचा प्रश्न

अनेकांनी विचारलं म्हणून लिहिते. या पेशी मोठ्या माणसाच्या मज्जेतून, चरबीतून किंवा बाळंतपणानंतर टाकून दिल्या जाणाऱ्या नाळेतून घेतात; त्यासाठी गर्भाला हात लावावा लागत नाही. डिसेंबर २००३ मध्ये मक्केतल्या राबिता आलमे इस्लामीच्या फिकह परिषदेने राजीखुशीने दिलेल्या प्रौढांच्या आणि नाळेतल्या पेशींचा इलाजासाठी वापर जायज मानला आणि त्यासाठी मुद्दाम गर्भ पाडणं नाजायज ठरवलं. पेशी वाढवताना काही ठिकाणी वासराच्या रक्तातला द्रव खुराक म्हणून वापरतात. त्याबद्दल मनात शंका असेल तर ती आपल्या भरवशाच्या आलिमांसमोर ठेवावी. पण डॉक्टरांना तो प्रश्न विचारायला संकोच करू नये.

पैसे देण्याआधी

आमच्या समितीने आता एक कागद केला आहे. स्टेमसेलचा अर्ज आला की त्या घराने आधी डॉक्टरांकडून या प्रश्नांची उत्तरं लेखी आणायची.

हे औषध महानियंत्रकांनी मान्य केलेलं आहे का, आणि माझ्याच आजारासाठी मान्य आहे का? एका आजाराची मान्यता दुसऱ्याला लागू होत नाही.

मान्यता नसेल तर ही चाचणी आहे का? चाचणी असेल तर तिचा नोंदणी क्रमांक द्या. भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणी सर्वांना बघायला खुली आहे आणि तिथे शोधणं आपल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांना सहज जमतं.

चाचणी असेल तर पैसे कशाचे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: अशा चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. प्रयोगही तुमच्यावर आणि पैसेही तुमचे, असं होत नाही.

पेशी कोणाच्या, कुठे वाढवल्या, जंतूंची तपासणी कोणी केली?

या पेशी माझ्या शरीरात नेमकं काय करणार? उत्तरात 'नवा अवयव उगवेल' असं आलं तर उठून यावं.

आणि गुण आला नाही तर पुढचा मार्ग कोणता?

खरं रुग्णालय या प्रश्नांना रागावत नाही. मुंबईतल्या सर्जननी तर भावाला वहीच आणायला सांगितली होती.

मी या पेशींच्या विरोधात लिहिते आहे असं कोणी समजू नये. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या संस्थांत आणि जगभर त्यांच्यावर काम चालू आहे, आणि इन्शाअल्लाह, उद्या आणखी काही आजारांची नावं मान्यतेच्या यादीत येतील. तेव्हा आमची समिती आनंदाने मदत करील. पण त्या दिवसाची वाट बघताना कोणाची बाग गहाण पडू नये. आणि बर्जरचा इलाज शोधणाऱ्या घरांना माझं एवढंच सांगणं आहे की पेशींची चौकशी उद्या करा. घरातली बिडी आणि मिशेरी आज बाहेर टाका. त्याला ना मान्यता लागते, ना पैसे.